खारघरला राहतो, डोमिसाईलचा अर्ज ठाणे तालुक्यातून परत आला, आता काय?

खारघरचा_बाबा

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. मुलीची बारावी झाली, सीईटी झाली, इंजिनिअरिंगच्या कॅपला (सरकारी प्रवेश फेऱ्यांना) डोमिसाईल, म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला, लागेल म्हणून सोसायटीजवळच्या एका सेवा केंद्रात अर्ज भरायला दिला. आम्ही सोळा-सतरा वर्षं ऐरोलीला भाड्याने होतो, दोन वर्षांपूर्वी खारघरला स्वतःचं घर घेतलं, आधारवर पत्तापण खारघरचाच आहे. शाळा मात्र सगळी ऐरोलीत. तर केंद्रातल्या पोराने जिल्हा ठाणे, तालुका ठाणे टाकलं आणि मीपण नीट बघितलं नाही, नवी मुंबई म्हणजे ठाणे जिल्हाच हे डोक्यात फिट्ट बसलेलं. तेरा दिवस रोज सकाळी चहासोबत स्टेटस बघत होतो, चौदाव्या दिवशी शेरा आला की अर्जदार या तालुक्यातील रहिवासी दिसून येत नाही. एका ओळीत विषय संपला.

केंद्रात गेलो तर पोरगा म्हणतो परत फी भरा, आणि लवकर हवा असेल तर थोडं वरचं द्या, बघून घेतो. मुलीचा जन्म बेळगावचा (बायकोचं माहेर, पहिलं बाळंतपण), त्यामुळे तिकडूनपण अडचण. हाच अर्ज पनवेलला पाठवता येतो का, की सगळं पहिल्यापासून? आणि सगळं ऑनलाईन आहे तर मी कुठल्या तालुक्यात झोपतो याने काय फरक पडतो, हे कोणी मला समजावेल का?

डोंबिवलीचा_केंद्रवाला

दादा, आठ वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. लोकलच्या हार्बर लाईनला बेलापूर गेलं आणि खारघर आलं की तुमचा जिल्हा बदलला. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे तालुका ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुका आणि जिल्हा रायगड. पत्त्यात सगळे नवी मुंबईच लिहितात आणि तिथेच फसतात. शेरा बरोबर आहे, चूक केंद्रवाल्याची, आमच्याच भावकीची म्हणा हवं तर.

जुना अर्ज तिकडे ढकलायची सोय मी तरी कधी बघितली नाही, नवाच करावा लागतो. पण केंद्रात जाऊच नका. 'आपले सरकार' पोर्टलवर स्वतःचं लॉगिन करा, मोबाईलवर ओटीपी येतो, जिल्हा रायगड तालुका पनवेल निवडा. फोटो २० केबीच्या आत लागतो, कागद ७५ ते ५०० केबीमध्ये. लोक इथेच मार खातात. मोबाईलने काढलेला चार एमबीचा फोटो असा काही दाबतात की शाळेचा शिक्का म्हणजे निळा डाग दिसतो, मग समोरचा क्लार्क बिचारा काय वाचणार, त्रुटी मारतो आणि मोकळा होतो. सरळ पीडीएफ स्कॅन करा, शिक्का आणि तारीख वाचता येते का ते अपलोड करायच्या आधी स्वतः झूम करून बघा.

डोमिसाईलला महाराष्ट्रात सलग १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. मुलीसाठी सगळ्यात भारी कागद म्हणजे शाळेचं बोनाफाईड, ज्यात पहिली ते दहावी कुठल्या साली कुठल्या इयत्तेत हे लिहिलेलं असतं. नुसतं 'आमच्या शाळेची विद्यार्थिनी होती' एवढंच लिहिलेलं आणू नका. शाळेच्या आधीच्या वर्षांसाठी तुमचे ऐरोलीचे जुने ॲग्रीमेंट, रेशन कार्ड जोडा. सध्याच्या पत्त्याला खारघरचं लाईट बिल. आणि कोणी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा म्हटलं तर हसून सोडून द्या, दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासून. स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं.

वरचं वगैरे एक रुपया देऊ नका. केंद्रात दराचा बोर्ड लावायचाच असतो, त्याच्याकडे बोट दाखवा आणि पावती मागा, पोरगा लगेच सरळ होईल.

कोपरीचे_काका

बेळगाव आपलंच आहे हो, पोर्टलला अजून कळलेलं नाही एवढंच.

आमच्या वेळी कोर्ट नाक्यावर फुटपाथला टायपिस्ट बसायचे, मांडीसमोर खोका, खोक्यावर रेमिंग्टन, कार्बन घालून अर्ज बडवायचे. त्याला सांगितलं खारघर की तो मान वरसुद्धा न करता म्हणायचा पनवेलला जा. पाच रुपयात सल्ला. तुमच्या वेबसाईटने चौदा दिवस घेतले तेच सांगायला. पत्ता टाकल्यावर पिनकोडवरून तालुका आपोआप यायला काय हरकत आहे? पिझ्झावाल्याला कळतं की आपला एरिया कुठला, सरकारला कळत नाही.

बॅकएंड_वाली

काकांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. मी काही वर्षं एका सरकारी प्रोजेक्टवर काम केलंय (कुठल्या ते विचारू नका), म्हणून बाबांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते, थोडं लांब होईल.

ऑनलाईन झाला तो फक्त अर्ज. अधिकार ऑनलाईन झालेला नाही. तहसीलदाराची सही त्याच्या तालुक्यापुरतीच चालते, त्यामुळे सॉफ्टवेअर बनवताना आम्हाला सांगितलेलं असतं की अर्ज तालुक्याच्या लॉगिनला जाईल, तिथे क्लार्कचा डेस्क, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार. म्हणजे पूर्वी जी फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायची तीच आता या लॉगिनवरून त्या लॉगिनला जाते. टेबलं कमी करायची का, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कोणी विचारतच नाही, कारण तो जीआर (शासन निर्णय) बदलायचा विषय असतो आणि आम्ही काय फक्त स्क्रीनवाले.

आता सातबारा बघा. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो, तलाठ्याचा सहीशिक्का लागत नाही. तो का जमला? कारण मूळ नोंदच डेटाबेसमध्ये आहे, सिस्टीमने फक्त काढून द्यायचं. डोमिसाईलचं तसं नाही. ही मुलगी १५ वर्षं इथे होती का, हे कोणीतरी कागद बघून ठरवायचं. गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं सरकारला आधीच माहीत आहे. २०१५ पासून शाळा मुलांची माहिती सरल पोर्टलवर भरतात, कुठला विद्यार्थी कुठल्या वर्गात हे शिक्षण खात्याकडे आहे. पण महसूल खात्याची सिस्टीम शिक्षण खात्याच्या सिस्टीमला विचारत नाही, म्हणून तुम्ही शाळेत जाऊन प्रिंट काढायची, ती स्कॅन करायची, ५०० केबीत बसवायची आणि क्लार्कने ती डोळ्यांनी वाचायची. दोन कॉम्प्युटरच्या मधली वायर म्हणजे तुम्ही आहात.

एस्टोनियात २००१ पासून एक्स-रोड म्हणून व्यवस्था आहे, एका खात्याला हवी ती माहिती दुसऱ्या खात्याकडून थेट घेता येते, नागरिकाला तेच तेच पुन्हा विचारायचं नाही असा तिथला नियम. लगेच कोणीतरी म्हणेल की तो देश केवढा, तर हो, १३-१४ लाखांचा, नुसत्या ठाणे शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर होती. पण वायर जोडायला लोकसंख्या आड येत नाही, कुठलं खातं कोणाचं ऐकणार हे आड येतं.

पिनकोडचं म्हणाल तर तो पोस्टाचा, त्याच्या आणि तालुक्याच्या हद्दी सगळीकडे जुळत नाहीत. तरी निदान 'खारघर लिहिलंय आणि तालुका ठाणे निवडलाय, नक्की का?' एवढा एक पॉपअप द्यायला काहीच जात नाही. हे आम्ही सुचवलं होतं, आमच्या प्रोजेक्टमध्ये. 'पुढच्या फेजमध्ये घेऊ' म्हणाले. पुढची फेज आली, मी नव्हते.

सीईटीवाली_आई

मागच्या वर्षी यातून गेलेय म्हणून दोन गोष्टी. डोमिसाईल प्रत्येकालाच लागतं असं नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि जन्मपण महाराष्ट्रातला असेल तर प्रवेशाच्या टाइप ए गटात जन्माच्या पुराव्यावर भागतं, आमचं तसंच झालं, एलसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) जन्मस्थळ ठाणे होतं. तुमचं बेळगाव असल्यामुळे डोमिसाईल काढावंच लागेल. तुमचं किंवा वहिनींचं आधीच काढलेलं असेल तर टाइप बी पण बघून ठेवा, माहिती पुस्तिकेत सगळं दिलंय, कंटाळवाणं आहे पण वाचा.

दुसरं, डोमिसाईलची मुदत १५ दिवस आहे आणि ती लोकसेवा हक्क कायद्यातली आहे, २०१५ चा कायदा. मुदतीत दिलं नाही किंवा उगाच नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील ऑनलाईनच करता येतं, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड होऊ शकतो. तुमच्या पहिल्या अर्जावर मात्र अपिलाच्या भानगडीत पडू नका, शेरा कारणासकट आणि मुदतीत आलाय, हराल. नवीन अर्जाची पावती आणि त्यावरची तारीख जपा.

खारघरचा_बाबा

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बसलो, मुलीनेच लॉगिन केलं, मी नुसता मागे उभा. बोनाफाईडसाठी ऐरोलीला दोन हेलपाटे झाले, पहिल्यांदा क्लार्क मॅडमनी चौथीचं साल चुकवलं होतं, दोन वर्षं ती चौथीतच दिसत होती. ते आम्हाला घरी झूम केल्यावर कळलं, केंद्रवाले दादा तुमचे उपकार. दहाव्या दिवशी दाखला आला. कोणाला काही दिलं नाही, पनवेलला एकदाही गेलो नाही.

पण पुढची गंमत ऐका. पीडीएफची प्रिंट घेऊन एका कॉलेजात चौकशीला गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणतात ही झेरॉक्स झाली, ओरिजिनल कुठाय?

बॅकएंड_वाली

त्यांना बारकोड दाखवा आणि नंबर टाकून त्यांच्याच कॉम्प्युटरवर पडताळून बघा म्हणावं. डिजिटल सही असलेली पीडीएफ हीच ओरिजिनल, तुमच्या हातातला कागद ही तिची झेरॉक्स. म्हणजे अर्थ उलटा असला तरी ते एका परीने बरोबरच बोलले :)

कोपरीचे_काका

कलर प्रिंट काढून लॅमिनेट करा हो, कोण काही विचारत नाही.

खारघरचा_बाबा

काका, हिने कालच करून आणलं. दोन कॉप्या.