पोटदुखी : नेमके कुठे, केव्हा आणि कसे दुखले?

धागा मांडताना
आपल्या सातारा-सांगलीकडे पोट दुखू लागले की आधी ओवा, मग बेंबीवर हिंगाचा लेप, आणि तरीही थांबले नाही तर ‘पित्त झाले असेल’ एवढ्यावर विषय संपतो. साध्या अजीर्णाला हे उपाय पुरतातही. मात्र जठर, यकृत, पित्ताशय, आतडी, मूत्रपिंडे असे अनेक अवयव पोटात शेजारी शेजारी असल्यामुळे दुखण्याची जागा, वेळ आणि सोबतची लक्षणे नीट सांगितल्याशिवाय डॉक्टरांनाही कारण शोधणे अवघड जाते. म्हणून आपले किंवा घरातल्यांचे अनुभव येथे लिहावेत. औषधांची नावे सुचवण्यापेक्षा दुखणे कसे सुरू झाले आणि निदान कसे झाले यावर भर द्यावा, ही विनंती.

वाईहून
धाकट्या भावाचे पोट संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागले, तेव्हा शेजारच्या आजींनी बेंबी सरकल्याचे सांगितले आणि पोट चोळून देणाऱ्या बाईंना बोलावण्याची तयारी झाली. आईने मात्र ठाम नकार दिला, कारण एरवी दोनदा जेवण मागणाऱ्या मुलाने आमटी-भाताकडे पाहिलेही नव्हते आणि तेच तिला खटकत होते. रात्रीतून दुखणे खाली उजव्या बाजूला उतरले, उलटी झाली, अंगात कणकण आली आणि खोकला की नेमकी तिथेच कळ येऊ लागली. साताऱ्यात तपासणी आणि सोनोग्राफी झाल्यावर अपेंडिक्सला सूज असल्याचे कळले व लगेच शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी फार शांतपणे समजावले, की आतड्याला जोडलेल्या त्या लहानशा नळीला सूज येऊ लागते तेव्हा मेंदूला जागा नेमकी ओळखता येत नाही, म्हणून दुखणे बेंबीपाशी जाणवते. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की ते उजवीकडे स्थिरावते. अशा वेळी पोट चोळणे किंवा एरंडेल पाजणे धोक्याचे असते, कारण सुजलेले अपेंडिक्स फुटले तर संसर्ग पोटभर पसरतो.

कराडहून
माझ्या बहिणीला तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येई आणि ती पाठीत, उजव्या खांद्याकडे जाई. पित्ताशयात खडे निघाले.

तासगावहून
वडील द्राक्षबागेत उभ्याने काम करत आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या रिकाम्या पोटी घेत. पोटाच्या वरच्या भागात जळजळ होऊ लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी दोष ठेच्याला दिला. पुढे शौचाला डांबरासारखे काळे व चिकट होऊ लागले. हे आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते, हे ठाऊक असलेल्या आमच्या आत्यांनी त्यांना त्याच दिवशी मिरजेला नेले. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण, म्हणजे अल्सर दिसला. तिखटाने जळजळ वाढते, पण व्रणाची मुख्य कारणे दोन : अशा वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले होते. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांच्या तपासणीतही हा जंतू आढळला आणि प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण केल्यावर ते बरे झाले. गुडघ्यांची गोळी आता डॉक्टरांना विचारूनच घेतली जाते.

मिरजेहून
सासूबाईंना मधुमेह आहे. जिना चढताना पोटाच्या वरच्या बाजूस जड वाटते, गॅस झाला असावा, असे त्या म्हणाल्या. पण त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि ढेकर येऊनही बरे वाटत नव्हते. ईसीजी काढल्यावर तो हृदयविकाराचा झटका असल्याचे निष्पन्न झाले. मधुमेहींना आणि स्त्रियांना अशा वेळी छातीत दुखेलच असे नाही, त्यामुळे वरच्या पोटातील दुखण्यासोबत घाम, धाप किंवा जबड्यात, हातात कळ असेल तर सोडा-लिंबू देत न बसता रुग्णाला थेट ईसीजीची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे, असे तेथील डॉक्टरांनी आम्हाला सांगितले.