मदत हवी आहे: घरात केलॉइड आहे, लेकीचे कान टोचावेत का?

नमस्कार मंडळी. माझ्या आईच्या छातीवर साध्या पुटकुळीच्या जागी केलॉइड (जखम भरल्यावरही वाढत राहणारा जाड, उंच व्रण) आलंय, मामाच्या दंडावर बीसीजीच्या खुणेवर, आणि माझ्या कानाच्या पाळीला मागच्या बाजूने बोराएवढी गाठ. नवऱ्याकडे कुणालाच नाही. लेक आता नववीत आहे. बारशाला कान टोचायचे राहिले, आता तिच्या मैत्रिणींचं बघून हट्ट धरलाय.

त्वचारोगतज्ज्ञांनी एवढं समजावलं की साधा उंच व्रण जखमेच्या हद्दीतच राहतो, केलॉइड मात्र हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतं. सावळ्या त्वचेत ते जास्त दिसतं आणि अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतं. २०१० साली जपानी रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात केलॉइडशी संबंध असलेल्या गुणसूत्रांवरच्या काही जागा सापडल्या, त्यातली एक एनईडीडी४ या जनुकात. पण एकट्या जनुकावर खापर फोडता येत नाही. प्रवृत्ती असूनही काहींना आयुष्यभर काहीच होत नाही. माझा धाकटा भाऊ क्रिकेटमध्ये कितीदा फुटलाय, व्रण सपाट!

म्हणून विचारते: आईला आहे पण मुलांना झालं नाही, असं कुणाच्या घरी आहे का? अकरा-बारा वर्षांनंतर कान टोचले तर धोका वाढतो म्हणतात, तुमचा अनुभव काय? टोचल्यावर लगेच प्रेशर इअररिंग (पाळी दाबून ठेवणारं कानातलं) किंवा सिलिकॉन जेल कुणी वापरलंय का? गाठीत देतात ती ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं मी घेतली आहेत, भयंकर दुखतात. नुसती गाठ कापली तर पुन्हा येते, हेही माहीत आहे. हळद-कोरफडीचे उपाय कृपया नकोत. की सरळ क्लिपचे कानातले घेऊन देऊ?