आपत्ती व्यवस्थापन की गुप्तवार्ता-सुरक्षा : पदव्युत्तरला नेमकं काय घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. बीएस्सी भूगोलचं शेवटचं वर्ष आहे, जिल्हा सांगली. पुढे एमए आपत्ती व्यवस्थापनात करावं की संरक्षण, अंतर्गत सुरक्षा, गुप्तवार्ता या बाजूला जावं, हे ठरत नाहीये. काही ठिकाणी हे सगळं एकाच अभ्यासक्रमात जोडून शिकवतात. ही एमएची पदवी घेतली की आयबी (केंद्राची गुप्तचर संस्था) किंवा एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) जाता येतं, असं क्लासवाले सांगतात. ते कितपत खरं? आणि आपत्ती व्यवस्थापन घेतलं तर प्रबंधासाठी कृष्णेच्या पुरावर काम करता येईल का? कुठून सुरुवात करायची, काय चुकतं, हे माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सह्यकडा

आधी क्लासवाल्यांचं बघू. ते खरं नाही.

आयबीतली सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, श्रेणी २ (कार्यकारी) ही थेट भरती कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली असते. वयोमर्यादा १८ ते २७, आरक्षणानुसार सवलत. पहिला टप्पा १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांचा आणि वेळ फक्त एक तास. चालू घडामोडी, सामान्य अध्ययन, अंकगणित, तर्कक्षमता आणि इंग्रजी असे प्रत्येकी २० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्यानंतर ५० गुणांचा वर्णनात्मक पेपर आणि १०० गुणांची मुलाखत. यात गुप्तवार्तेतल्या एमएला वेगळे गुण नाहीत. आपल्याकडची मुलं बहुतेक वेळेशी झुंजताना आणि वर्णनात्मक इंग्रजीत मागे पडतात, आणि ही तयारी एमएच्या वर्गात होत नाही. वयाचं गणित मात्र आत्ताच मांडा. दोन वर्षं एमएला गेली की खुल्या प्रवर्गाला हाताशी किती भरती उरतात ते मोजून बघा, कारण जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही.

गुप्तवार्तेच्या बाजूची आणखी एक वाट म्हणजे कॅबिनेट सचिवालयाची डेप्युटी फील्ड ऑफिसर (तांत्रिक) ही पदं. ती अलीकडे गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर भरली गेली आहेत. ती अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या ठरावीक विषयांसाठी असतात. जाहिरातीत तुमचा विषय नसेल तर तो रस्ता सोडून द्या.

एनडीआरएफमध्ये थेट भरती नाही. बटालियन सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी अशा दलांतून उभ्या राहिल्या आहेत आणि जवान, अधिकारी तिथे प्रतिनियुक्तीवर येतात. पुण्याजवळ सुदुंबरेला आहे ती ५ वी बटालियन. तिथे जायचं तर आधी यूपीएससीची सहायक कमांडंट परीक्षा किंवा कर्मचारी निवड आयोगाची भरती, मग दल, मग प्रतिनियुक्ती. राज्याच्या धुळे आणि नागपूरच्या आपत्ती प्रतिसाद तुकड्याही राज्य राखीव पोलीस बलातून आल्या आहेत.

मग सुरक्षा विषयातलं एमए निरुपयोगी का? तसं अजिबात नाही. नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएचडी, संशोधन संस्था, कंपन्यांमधलं जोखीम विश्लेषण यासाठी ते चांगलं आहे. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जुना आणि भक्कम आहे, आणि नेटला हा स्वतंत्र विषय आहे. गांधीनगरजवळचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ गृह मंत्रालयाखाली येतं. २०२० च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथला भर पोलीस प्रशासन, अंतर्गत सुरक्षा आणि सायबर सुरक्षेवर आहे. तीन विषय एकत्र असलेला अभ्यासक्रम दिसला तर नावावर जाऊ नका. श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) तक्ता मागवा आणि क्षेत्रकार्याला किती श्रेयांक आहेत ते बघा. ते शून्य असतील, तर तिन्ही विषयांची तोंडओळख घेऊन बाहेर पडाल.

नकाशावाली

भूगोल असेल तर आपत्ती व्यवस्थापनाकडे तुमचा पाय आधीच अर्धा पुढे आहे. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेमार्गे. अर्ज भरताना कोणत्या विषयाचा पेपर मान्य आहे ते संस्थेच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच निवडा. चुकीचा पेपर निवडला आणि दुरुस्तीची मुदत संपली, तर वर्ष जातं. जेएनयूतही आपत्ती संशोधनाचं स्वतंत्र केंद्र आहे. नोकरी सांभाळून करायचं असेल तर इग्नूची पदव्युत्तर पदविका आहे, पण तिच्यात क्षेत्रकार्य स्वतःहून जोडावं लागतं.

आता नोकऱ्या. जिल्हाधिकारी कार्यालयातली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याची पदं बहुतेक कंत्राटी असतात. हे आधीच माहीत असलेलं बरं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली कलमं ३० आणि ३१ (जिल्हा प्राधिकरणाची कामं आणि जिल्हा आराखडा) मुलाखतीत हमखास येतात. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली शहरं यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, तीही वाचून जा. बाकी वाव सामाजिक संस्थांत, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांत आणि सल्लागार कंपन्यांत आहे.

एक गल्लत नेहमी होते. कारखान्यातला सुरक्षा अधिकारी व्हायला आपत्ती व्यवस्थापनाचं एमए चालत नाही, औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत ती वर्षभराची आहे. मात्र घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याला स्वतःचा आपत्कालीन आराखडा ठेवून दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घ्यावी लागते, आणि कारखान्याबाहेरचा आराखडा जिल्ह्याने करून वर्षातून एकदा तालीम घ्यायची असते. पदविका आणि एमए दोन्ही असलेला माणूस या कामाला फार उपयोगी पडतो.

प्रवेशाआधीचे महिने रिकामे घालवू नका. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट आहेत. आणि 'एसडीआरएफ' वाचलं की राज्य आपत्ती प्रतिसाद निधी की राज्य आपत्ती प्रतिसाद दल, ते संदर्भावरून ओळखायची सवय लावा. कागदोपत्री दोन्हींना तेच नाव चालतं आणि उत्तरपत्रिकेत गोंधळ होतो.

पूररेषा

प्रबंधाबद्दल लिहितो. तुमचा प्रश्न मला तिथेच सगळ्यात मोलाचा वाटतो.

'कृष्णेचा पूर : कारणे व उपाय' असा विषय घेऊ नका. अलमट्टी आणि कोयना ही धरणं, अतिक्रमणं यांवर समित्यांचे अहवाल आहेत, आणि सहा महिन्यांत एकटा विद्यार्थी त्यात भर घालू शकत नाही. एक गाव घ्या आणि एकच प्रश्न धरा : गावाबाहेर पडायचा शेवटचा रस्ता नदीची पातळी किती असताना बंद होतो, आणि त्याआधी किती तास मिळतात?

सांगलीत आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण शहरातल्याच सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागात ४० फुटांच्या आधीच पाणी शिरतं. नदीकाठच्या गावाचंही तसंच. ओढ्यावरचा फरशी पूल आधी बुडतो, घरं नंतर. गाव कोरडं दिसतं म्हणून लोक थांबतात आणि रस्ता मागे केव्हाच गेलेला असतो. जिल्ह्याच्या आराखड्यात पातळी पुलाची असते. गावाला हवी असते ती आपल्या फरशीची.

कामाची पद्धत अशी. गावातून बाहेर जाणारे सगळे रस्ते चालत फिरा आणि प्रत्येकाचा सर्वांत खोल बिंदू शोधा. त्याची उंची ऑटो लेव्हलने किंवा डीजीपीएसने (दोन्ही अचूक मोजणीची यंत्रं) मोजा आणि ती उंची माहीत असलेल्या सर्वेक्षणाच्या कायम खुणेशी जोडा. कॉलेजच्या स्थापत्य विभागाकडून यंत्र दोन दिवसांसाठी मिळतं. फुकट मिळणाऱ्या, ३० मीटरचे चौकोन असलेल्या उपग्रही उंची-नकाशावर हे काम करू नका. त्यातली चूक काही मीटरची असते, आणि कृष्णेच्या सपाट काठावर एका फुटाने रस्ता चालू की बंद हे ठरतं. हा दोष असलेले प्रबंध ढिगाने सापडतील. नकाशा रंगीत, निष्कर्ष निरुपयोगी.

दुसरी चूक पातळीच्या आकड्यातली. पुलावरचे ४० फूट हे त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे असतात, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. शून्याची उंची पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या. शिवाय नदीला उतार आहे. भिलवडी पुलावरची पातळी आणि आयर्विनची पातळी एकाच आडव्या रेषेत धरता येत नाहीत. गाव ज्या मोजणी ठिकाणाला जवळचं, तेच वापरा. कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ असा खाली येणारा क्रम आहे. वरच्या ठिकाणची पुराची सर्वोच्च पातळी खालच्या ठिकाणी किती तासांनी पोहोचते हे २०१९ आणि २०२१ च्या नोंदींवरून काढलं, की गावाला मिळणारा वेळ हाती येतो.

मग भिंतीवरच्या खुणा. खूण शक्यतो घराच्या आतली घ्या. बाहेरच्या भिंतीवर लाटेने पाणी चढलेलं असतं. तास विचारून नेमकं उत्तर मिळत नाही. "लाइट कधी गेली?", "डेअरीची गाडी शेवटची कधी आली?", "जनावरं सोडली तेव्हा दिवस होता का?" असं विचारा, म्हणजे वेळ आपोआप सापडते आणि डेअरीच्या वहीवरून पडताळताही येते. फोटो मागाल तर ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतली वेळेची नोंद गळून पडलेली असते.

आता बोटीचं गणित मांडतो. गाव ४,००० वस्तीचं. बोटी दोन, प्रत्येकीत चालक सोडून १० माणसं. जाऊन-येऊन चढण्या-उतरण्यासह ४० मिनिटं. उजेडाचे १० तास धरले तर एका बोटीच्या १५ फेऱ्या. म्हणजे दोन्ही मिळून दिवसाला ३०० माणसं. अख्खं गाव हलवायला तेरा-चौदा दिवस. बोट ही अडकलेल्या थोड्यांसाठी असते, गाव हलवायचं ते रस्ता चालू असतानाच. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन. रस्ता हातचा गेला की बोटीवर असाच भार पडतो.

कृष्णाकाठ

खूप आभार. हे वाचून विषय जवळजवळ ठरलाच. कुटुंबांची मुलाखत किती जणांची घ्यावी? आणि लोक वेळेत निघत नाहीत हा भाग प्रबंधात कसा धरायचा?

नकाशावाली

एका गावासाठी ५० ते ६० घरं पुरतात, पण निवड नीट हवी. गावठाणातली घरं घेऊन थांबू नका, मळ्यातल्या वस्त्या आणि नदीकडच्या मागासवर्गीय वस्त्या यादीत हव्यातच. घरातल्या बाईला वेगळं विचारा. भांडीकुंडी, धान्य, म्हातारी माणसं यांचं उत्तर तिच्याकडे असतं आणि पुरुषांपुढे ती गप्प बसते. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, नंतर मागितली तर काम बाद होऊ शकतं.

लोक न निघण्याचं सगळ्यात मोठं कारण जनावरं. दावणीला दोन म्हशी सोडून कुणी शाळेत जाऊन बसत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून जनावरांची वेगळी यादी करा : किती, कुठे नेणार, टेम्पोच्या किती फेऱ्या, रोजचा चारा किती. छावणीच्या जागेला गोठा नसेल तर ती जागा कागदावरच राहते.

पूररेषा

छावणीचंही गणित करा. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी ३.५ चौरस मीटर जागा आणि दिवसाला १५ लिटर पाणी धरलं आहे. स्वच्छतागृह सुरुवातीला ५० जणांमागे एक, नंतर २० जणांमागे एक. जिल्हा परिषदेच्या शाळेची २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, त्यात १३ माणसं. सहा खोल्यांच्या शाळेत ७८. आराखड्यात त्याच शाळेपुढे किती आकडा लिहिलाय ते तलाठ्याकडून किंवा तहसीलमधून मागवा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. शाळेचा पायाही लेव्हलने मोजा. २०१९ च्या खुणेच्या खाली निघाला तर ती शाळा छावणीच्या यादीतून काढावीच लागेल. हे जून उजाडायच्या आत ग्रामपंचायतीला लेखी द्या, प्रबंध जमा व्हायची वाट बघू नका.