लेकरू अंगावरचंच पिते, गाईचं दूध बाहेर थुकते, कापसाच्या वेच्याच्या आधी सवय कशी लावू?

आर्वीकडची_माय
नमस्कार सगळ्यायले. माही पोरगी पुढच्या महिन्यात वर्षाची होते. आतापर्यंत अंगावरचंच पिते, वरून वरण-भात, खिचडी, ज्वारीच्या कण्या असं मऊ मऊ खाते. आता सीतादही (कापूस वेचाच्या आधीची पूजा) झाली की वेचा लागते आन मले दिवसभर वावरात रा लागते, मधात घरी येणं जमत नाही, वावर लांब हाय. पोरगी आजीजवळ राहीन. घरची गवळाऊ गाय हाय, दूध भरपूर, म्हणून सासूबाई म्हणते आतापासूनच बाटलीनं पाज, अर्धं पाणी टाकून, म्हणजे पचते. मी पाजून पाह्यलं तर जिभेनं बाहेर ढकलते आन असं तोंड करते जसा काढाच पाजला. शेजारची म्हणते कडुनिंबाचा पाला वाटून लाव न एकदम तोडून टाक, उपाशी राह्यली की पिते आपोआप. ते माह्या जिवावर येते. कोणी केलं असन तर सांगा.

यवतमाळची_ताई
तोडाचं कशाले वो? सकाळी निघाच्या आधी पोटभर पाजा, वावरातून आल्याबरोबर पाजा, रात्रीचं तर हायेच. गेलं काय तर दिवसाचं पाजणं, तिथं जेवण आन थोडं दूध, झालं. दोन वर्षं आन त्याच्याही पुढं अंगावर पाजलं तरी चालते, माह्या दोघायले मी असंच पाजलं. आन ते कडुनिंब नोका लावू बाप्पा, एकदम बंद केलं की लेकरू तर रडतेच पण छाती दाटून गाठी होते, ताप भरते, मंग वेचा राह्यला बाजूले अन तुम्हीच खाटेवर. वावरात छाती भरून आली तर आडोशाले जाऊन हातानं थोडं पिळून टाकजा, दुखणार नाही इतकंच, पुरं रिकामं नाही कराचं. काही दिवसात शरीर आपलं हिशोब लावून घेते, दिवसा कमी बनते अन रात्री पुरते.

चव म्हणाल तर अंगावरचं दूध गाईच्यापेक्षा गोड रायते, म्हणून थुकते ते. साखर नोका टाकू, एकदा साखरेचं लागलं की साधं पितच नाही. पिळून काढलेलं अंगावरचं तीन भाग अन उकळून कोमट केलेलं गाईचं एक भाग, असं वाटी-चमच्यानं चालू करा, मंग हळूहळू गाईचं वाढवा. मिसळलेलं लवकर पाजा, आपल्याकडच्या गर्मीत ठेवून नाही चालत. आन तुम्ही स्वतः नोका पाजू! आईच्या अंगाचा वास आला की लेकरू वाटीकडे पाहतही नाही. आजीले पाजू द्या अन तुम्ही तेवढ्या वेळ अंगणात बी राहू नोका.

उपकेंद्रातली_सिस्टर
मी सिस्टर आहे म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. आधी वर्ष पूर्ण होऊ द्या. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य दूध म्हणून नको, त्यात लोह अगदीच कमी असतं, प्रोटीन आईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट, लहान किडनीवर भार पडतो आणि काही लेकरांच्या आतड्यातून थोडं थोडं रक्त जातं जे डोळ्यांना दिसतही नाही. दही किंवा खिरीत शिजलेलं थोडं दूध आत्ताही चालतं. ताईंनी सांगितलेलं मिसळणं वाढदिवसानंतर चालू करा, आत्ता फक्त वाटीतून प्यायची सवय लावा, त्यात अंगावरचंच काढून द्या.

पाणी घालायचं नाही. पातळ केलं की पोट भरल्यासारखं होतं आणि अंगाला काही लागत नाही, शिवाय ते पाणी कुठलं हाही प्रश्न आहे. साय पण काढू नका, दोन वर्षांपर्यंत तिला ती चरबी लागते. दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर जायचं नाही, आणि तुमची सकाळ-संध्याकाळ-रात्र अंगावर पिते तर तेवढंही लागणार नाही, एक छोटा पेला पुरे. आमच्याकडे येणारी कितीतरी लेकरं गुबगुबीत दिसतात, रक्त तपासलं की हिमोग्लोबिन खाली, विचारलं तर आई कौतुकानं सांगते की लिटरभर दूध पितो, जेवत मात्र नाही. दुधानं पोट भरलं की भूक मरते, संडासही कडक होते. म्हणून दुपारी आधी जेवण, दूध नंतर. वरणात लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं, अंडं चालत असेल तर द्या. आशाताईंकडून आयर्नचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते चुकवू नका.

बाटली आणूच नका, वावरातल्या घाईत ते निपल नीट धुतलं जात नाही आणि जुलाब सुरू होतात. दूध दिल्यावर अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, सारख्या उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसलं तर दूध थांबवून लगेच दवाखान्यात न्या.

गोठेवाला_भाऊ
सिस्टरनं सांगतलं ते बरोबर. माह्याकडे गाई-म्हशी हायेत म्हणून एक गोष्ट सांगतो. म्हातारे लोकं धारोष्ण पाजा म्हणते, काढल्या काढल्या फेस असलेलं. नोका ऐकू. जनावर वरून धडधाकट दिसते पण गाभण गाय मधातच वासरू टाकते ना, तो बऱ्याचदा ब्रुसेला नावाचा रोगच असते, अन तो कच्च्या दुधातून माणसाले लागते, टीबी बी येऊ शकते. चांगली उकळी फुटू द्या, ढवळत राहा. अन गाईच्या कासेले सूज आली म्हणून डॉक्टरनं सुई टोचली असन तर जितके दिवस त्यानं सांगतलं तितके दिवस ते दूध लेकराले नाही, कोणालेच नाही. बाकी बाटलीपेक्षा आपलं बोंडलं (लेकराले पाजाची चोचीवाली वाटी) बरं, घासाले सोपं.

आर्वीकडची_माय
सगळ्यायचे आभार जी. बाटली आणली होती, ठेवून दिली. अजून एक विचारतो, आजी चहात बिस्किट बुडवून देते तिले, मी नसली की जास्तच देईन. ते चालते का?

उपकेंद्रातली_सिस्टर
नाही. चहानं जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, आणि बिस्किटानं भूक जाते. त्याऐवजी दह्यात कुस्करलेली पोळी किंवा केळ द्यायला सांगा.

आर्वीकडची_माय
सांगतो, पण माह्यं कोण ऐकते घरी.

यवतमाळची_ताई
तुम्ही नोका सांगू. लसीच्या दिवशी आजीलेच संगं घेऊन जा, सिस्टरच्या तोंडून ऐकलं की लवकर पटते.