आडनाव बघून निकालाचा अंदाज बांधता येतो का?

अमळनेरकर

राम राम मंडळी. तालुका कोर्टात नवीन साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे पहिली चौकशी कसली होते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. साहेब काम चालवतात की नुसत्या तारखा देतात, हे मागाहून. आधी आडनाव. मग मूळ गाव. मग "सासुरवाडी चोपड्याकडची आहे म्हणे". ओळखीतल्या एका बांधाच्या दाव्यात सध्या हेच चाललंय. वादी-प्रतिवादी चुलत भाऊ, म्हणजे दोघांचं आडनाव एक, जात एक, कुलदैवत एक. तरी दोघांनी साहेबांची कुंडली काढली! एकाला वाटतं साहेब आपल्यातले नाहीत तेच बरं, दुसऱ्याला त्यातच धोका दिसतो आणि त्याला दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून हवाय.

माझं मत सांगतो. न्यायाधीश कुठून आला, कसा वाढला, याचा निकालावर परिणाम होतो. फक्त आपण तो जिथे हुडकतो तिथे बहुतेक वेळा नसतो.

टिळकांचा 1908 चा खटला घ्या. न्यायमूर्ती दिनशा दावर. 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर तेच. देशी माणूस, त्यात आरोपीचा जुना वकील. आडनावाच्या हिशेबाने टिळक सुटायलाच हवे होते. प्रत्यक्षात दावरांनी जामीनही नाकारला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा सुनावली. पण त्याच दालनात ज्युरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. ते दोन कोण, हे सांगायची गरज आहे का?

आणि हा संशय फक्त पक्षकारच घेतात असं नाही. न्यायमूर्ती रानडे धुळ्याला आले ते कशामुळे? 1879 मध्ये फडक्यांचं बंड झालं, पुण्यातल्या पुढाऱ्यांवर सरकारची वक्रदृष्टी फिरली आणि रानड्यांची बदली आपल्या धुळ्याला झाली. त्यांची टपालं फोडून बघत असत. सरकारलाच स्वतःच्या न्यायाधीशाचं गाव आणि गोत नडलं.

तर बोला.

काळाकोट

भाऊ, दावरांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. ज्युरीने जे केलं ते केलं म्हणूनच आपण ज्युरी काढून टाकली. ज्युरीला कारणं लिहावी लागत नाहीत. न्यायाधीशाला लिहावी लागतात, आणि ती वरच्या कोर्टात उलगडून बघता येतात. फरक तिथे आहे.

मी धुळ्याला वकिली करतो. आडनावावरून दावा वर्ग करा म्हणणारे अशील माझ्याकडेही येतात. त्यांना एकच विचारतो: रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, दाखवा. कुठला अर्ज ऐकून न घेता फेटाळला? कुठला साक्षीदार तपासू दिला नाही? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायाधीश दावा वर्ग करू शकतात, पण त्याला कारण लागतं. "साहेब त्यांच्यातले आहेत" हे कारण होत नाही. उद्या हे मान्य केलं तर पाटलाचा दावा पाटलाने चालवायचा नाही, सोनवण्यांचा सोनवण्यांनी नाही. उरलं कोण?

कायद्याची कसोटी काय, तेही ऐका. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार, 1987. लष्करातल्या एका सिग्नलमनने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध तक्रार केली आणि त्याच्या कोर्ट मार्शलला तोच ऑफिसर बसला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, न्याय देणाऱ्याला स्वतःबद्दल काय वाटतं ते सोडा, समोरच्या पक्षकाराच्या मनात वाजवी भीती निर्माण होते का ते बघा. 'वाजवी' वर जोर आहे. पारावर बसून काढलेली कुंडली त्यात बसत नाही.

वांग्याचं भरीत

आमना गावमा नवा साहेब उना का पहिले आडनाव इचारतस. कायदा मंग. चालू द्या भो.

शहादेकरीण

काळाकोट साहेब, कारणं लिहावी लागतात म्हणता ना? मग मथुरा नावाच्या मुलीच्या बलात्काराच्या प्रकरणातली लिहिलेली कारणंच वाचू. 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आदिवासी पोरगी, दोन पोलीस. सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये दोघांना सोडलं. का? तर अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, म्हणजे संमती असावी. रात्री पोलीस ठाण्यात, बाहेर नातेवाईक उभे, आत वर्दीतला माणूस. अशा ठिकाणी गरीब घरची पोर ओरडेल की तिची दातखीळ बसेल? तीन न्यायमूर्तींना हा प्रश्न पडला नाही. त्यांनी पैसे खाल्ले नव्हते, पोलिसांशी नातं नव्हतं, कलम 24 चा अर्ज कोणी केला असता तर फेटाळलाच गेला असता. तुमच्या कसोटीत ते शंभर टक्के निष्पक्ष.

पुढे 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. धागमवार बाई आपल्या अक्कलकुवा-धडगाव भागात आदिवासींमध्ये काम केलेल्या. ठाण्याच्या पायरीवर आदिवासी माणूस कसा उभा राहतो हे त्यांनी जवळून बघितलं होतं. पत्रावर सही करणाऱ्यांत त्या होत्या याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

काळाकोट

ताई, निकाल वाईटच होता. त्याबद्दल वाद नाही. पण मधली पायरी तुम्ही गाळलीत. सेशन कोर्टाने सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, मग सुप्रीम कोर्टाने सोडलं. नागपूरचे न्यायमूर्तीही पुरुषच. पोलिसांपुढे त्या मुलीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांना कळलं. मग पुरुष असण्याने निकाल ठरला असं कसं म्हणता?

आणि उलटं घ्या. शबरीमला, 2018. पाच जणांच्या पीठात एकच स्त्री, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा. सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश द्या म्हणणारे चार पुरुष, विरोधी निकाल लिहिणारी ती एकटी. तुमच्या गणिताने नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

भुसावळ जंक्शन

तोंडी तलाकचं उदाहरण राहिलं की. 22 ऑगस्ट 2017. पीठावर मुद्दाम बसवल्यासारखे पाच धर्मांचे पाच न्यायमूर्ती: खेहर शीख, कुरियन जोसेफ ख्रिस्ती, नरिमन पारशी, लळित हिंदू, अब्दुल नझीर मुस्लिम. निकाल 3 विरुद्ध 2. नझीर अल्पमतात गेले, लगेच लोक म्हणाले बघा, धर्म आड आला. पण त्यांच्या सोबत अल्पमतात होते सरन्यायाधीश खेहर. त्यांचा कुठला धर्म आड आला? दोन वर्षांनी अयोध्येच्या एकमताच्या निकालात तेच नझीर होते, तेव्हा वाह वाह करणारेही हेच लोक. आपल्याला हवा तो निकाल आला की न्यायमूर्ती, नको तो आला की आडनाव.

माझ्या मते मागचं काय बघता, पुढचं बघा. निवृत्तीनंतर नझीर साहेब 2023 मध्ये आंध्रचे राज्यपाल झाले. रंजन गोगोई 2020 मध्ये राज्यसभेत. हे आजचं खूळ नाही. बहरुल इस्लाम काँग्रेसचे खासदार, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, 1983 मध्ये राजीनामा आणि पुन्हा राज्यसभा. जात जन्माने येते, तिचं काही करता येत नाही. राज्यपालपद मात्र कोणीतरी देतं, आणि देणारा बहुतेक वेळा कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार असतो. भीती बाळगायची तर ही बाळगा.

अमळनेरकर

जंक्शनराव, पुढच्या पदाचा मुद्दा पटला, पण त्याने मागचा खोटा ठरत नाही. शिवाय सगळेच त्या वाटेने जात नाहीत. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना 1976 मध्ये आणीबाणीतल्या अटकांच्या खटल्यात एकटे सरकारच्या विरोधात गेले. सरन्यायाधीशपद समोर होतं, ते 1977 मध्ये डावललं गेलं.

काळाकोट साहेब, मी "स्त्री आहे म्हणून असाच निकाल देईल" असं कुठे म्हटलं? तेच तर आडनाव हुडकणाऱ्यांचं गणित. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई बघा. 1 ऑगस्ट 2024, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा, म्हणजे आरक्षणात पोटगट पाडण्याचा निकाल. समाजातून असा अंदाज होता की दलित न्यायमूर्ती आरक्षणाच्या बाबतीत सरळ पाठराखण करतील. त्यांनी लिहिलं की अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर ओळखायला हवा. मोठ्या शाळेतलं अधिकाऱ्याचं पोर आणि खेड्यातल्या शाळेतलं मजुराचं पोर एका रांगेत कसं उभं करायचं, हा त्यांचा प्रश्न. पटो न पटो, हे आतून पाहिलेल्या माणसाचं लिहिणं आहे. पार्श्वभूमी आली, पण समाजाला हवी तशी नाही आली.

शिवाय त्याच गवई साहेबांनी 2023 मध्ये राहुल गांधींच्या मोदी आडनावाच्या खटल्यात सुरुवातीलाच सांगून टाकलं की वडील काँग्रेसच्या जवळचे होते, भाऊ राजकारणात आहे, हरकत असेल तर सांगा. दोन्ही बाजू नाही म्हणाल्या, काम पुढे चाललं. मला एवढंच हवंय. तालुक्यालाही साहेबांनी पहिल्या दिवशी सांगावं, अमक्या गावात माझे नातेवाईक आहेत, तमक्या सोसायटीत माझी ठेव आहे.

वांग्याचं भरीत

आणि त्या खटल्यात राहुल गांधींना दोषी ठरवण्याला स्थगिती मिळाली. मग?

काळाकोट

मग काय? तीन न्यायमूर्तींचं पीठ होतं भाऊ, एकट्याने दिली नाही.

अमळनेरकर, दिल्लीत हे शोभतं. तालुक्याला साहेबांनी नातेवाईक मोजून दाखवले की दुसऱ्या दिवशी त्या नातेवाइकांच्या दारात पेढे घेऊन माणसं उभी. साहेबाला त्याच्या गृहजिल्ह्यात नेमत नाहीत, दर काही वर्षांनी बदली होते, ते याचसाठी. बरेच साहेब गावच्या लग्नाला जात नाहीत, सत्कार घेत नाहीत. लोक त्याला शिष्टपणा म्हणतात. म्हणू देत.

आणि पक्षकाराने हरकत घेतली की न्यायाधीशाने बाजूला व्हायचं असं ठरलं, तर पक्षकार हवा तो न्यायाधीश निवडून घेतील. 2019 मध्ये भूसंपादनाच्या घटनापीठातून न्या. अरुण मिश्रांनी बाजूला व्हावं अशी मागणी झाली, कारण त्यांनी आधी त्याच प्रश्नावर निकाल दिला होता. त्यांनी नाकारली ती याच कारणाने. मला तो निर्णय पूर्ण पटला असं नाही, पण त्यातली भीती खरी आहे.

जुना नाझर

कोर्टात नोकरी झाली, आता निवृत्त. मोठ्या निकालांवर बोलायचा माझा अधिकार नाही. खालचं एक सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याचं कोर्ट. फौजदारी केस, साक्षीदार पावरा आदिवासी बाई. वकिलांनी विचारलं, घटना कोणत्या तारखेला? बाई गप्प. पुन्हा विचारलं, महिना तरी सांगा. बाई म्हणाली, भोंगऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी. वेळ? दिवस कासराभर वर आला होता. पट्टेवाला तिची बोली जाणणारा, तो मराठीत सांगत होता. समोरचे वकील खूश, कारण जबाबात पोलिसांनी तारीख आणि "सकाळी 8 वाजता" असं लिहिलं होतं. विसंगती झाली ना!

एका साहेबांसमोर हे असंच उतरलं गेलं: साक्षीदारास तारीख व वेळ सांगता येत नाही. दुसरे साहेब होते, ते स्वतः आदिवासी भागात वाढलेले. असाच साक्षीदार आला की ते स्वतः विचारत, भोंगऱ्या कोणत्या गावचा? कारण होळीच्या आधीच्या आठवड्यात रोज वेगळ्या गावाला बाजार भरतो. गाव कळलं की वार कळला, वार कळला की पंचांगातून तारीख. रोजनाम्यात सगळं नीट. दोघेही साहेब सचोटीचे. चहासुद्धा घरून आणायचे.

काळाकोट

नाझरसाहेब, सोन्यासारखं सांगितलंत. पण यातून न्यायाधीश आदिवासी हवा असं निघत नाही, त्याने विचारायला हवं एवढंच निघतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम 165 त्यासाठीच होतं, न्यायाधीश स्वतः कोणताही प्रश्न विचारू शकतो, नव्या कायद्यातही तो अधिकार आहे. भोंगऱ्या काय असतो हे उत्तनच्या न्यायिक अकादमीत अर्ध्या तासात शिकवता येईल.

शहादेकरीण

शिकवता येईल, पण शिकवायचं आहे हे सुचणार कोणाला? ज्याला भोंगऱ्या ठाऊक आहे त्यालाच.

मध्य प्रदेश हायकोर्टाचा 2020 चा आदेश आठवतो का? विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, तक्रारदार बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यायची आणि भाऊ म्हणून ओवाळणी टाकायची. तिच्याच घरात शिरल्याची केस, आणि कोर्ट त्याला पुन्हा तिच्याच घरी पाठवतंय. आदेश सद्हेतूने लिहिला असेल, त्यात कारणंही असतील.

काळाकोट

आणि सुप्रीम कोर्टाने मार्च 2021 मध्ये तो रद्द केला. न्या. खानविलकर आणि न्या. रवींद्र भट, दोघे पुरुष. नुसता रद्द केला नाही, जामिनाच्या आदेशात काय लिहायचं नाही याच्या सूचना सगळ्या कोर्टांना दिल्या. म्हणजे यंत्रणा चालते.

शहादेकरीण

ते प्रकरण त्या दोन पुरुषांपर्यंत नेलं कोणी, तेही सांगा की. ॲड. अपर्णा भट आणि आणखी आठ महिला वकील. आदेशातलं काय खटकलं हे नऊ बायकांना आपणहून दिसलं.

काळाकोट

बरोबर. पण त्या वकील म्हणून गेल्या. वकिलाने बाजू घ्यायचीच असते, तिथे पार्श्वभूमी उघडपणे वापरावी. खुर्चीवरच्या माणसाने ती वापरू नये, एवढंच माझं म्हणणं.

शहादेकरीण

खुर्चीवरचा माणूस ती वापरतच असतो, फक्त बहुतेकांची सारखी असली की दिसत नाही. सुप्रीम कोर्ट 1950 चं, पहिली महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी 1989 मध्ये. मधली 39 वर्षं जे निकाल लागले ते कोणाच्याच पार्श्वभूमीतून आले नाहीत का?

काळाकोट

ताई, याला दोन ओळींत उत्तर नाही. उद्या सकाळी कोर्टात बोर्ड, म्हणजे केसेसची यादी, मोठा आहे, संध्याकाळी लिहितो.