जुनं फरशी घासायचं मशीन, प्लेट रंगवलेली. व्होल्टेज आणि स्पीड कसं ओळखायचं?

कार्यालयवाला_चिपळूण
मंडळी, आमच्या मंगल कार्यालयाचा हॉल जेमतेम दोन हजार चौरस फूट, फरशी जुनी मोझॅक. २०२१ च्या पुराचा गाळ टाइल्सच्या बारीक भोकांत बसलाय तो बसलाच. त्यात पंगत जिथे बसते तिथे तेलकट पट्टा. बायका हाताने घासून कंटाळल्या, म्हणून मुंबईला दारूखान्यातून गोल ब्रशचं एक जुनं मशीन उचललं. तोडलेल्या जहाजावरचा माल. टेम्पोतून उतरवायला दोघे लागले.

विकणारा म्हणाला, "सिंगल फेज आहे, लावा नि चालवा." त्यानेच वायर कापून आपल्याकडचा १५ अँपिअरचा तीन पिनी टॉप बसवून दिला. मी लावणारच होतो. नशिबाने वायरमन लायटिंगला आला होता. त्याने टॉप उघडला आणि विचारलं, "लाल वायर कुठाय?" आत काळी, पांढरी, हिरवी. तेव्हापासून मशीन कोपऱ्यात, वर मांडवाचं कापड.

मोटरच्या प्लेटवर कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलाय. वाचता येतं ते "१ १/२" आणि एका कोपऱ्यात "६०". केबलच्या अंगावर "१४ एडब्ल्यूजी" असं छापलंय. किती व्होल्टचं, किती फेऱ्यांचं, पॅड किती इंची लागेल? कुणी सांगेल का?

माजी_जहाजी
वायरमनला चहा पाजा. काळी-पांढरी-हिरवी म्हणजे अमेरिकन पद्धत. तिकडे काळी फेज, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल असते, म्हणजे टॉप बसवणाऱ्याने कुठली कुठे जोडली असेल कुणास ठाऊक. एडब्ल्यूजी हे वायरच्या जाडीचं मापही तिकडचंच, १४ नंबर म्हणजे आपली साधारण दोन स्क्वेअर एमएम. "६०" म्हणजे हर्ट्झ. जहाजावर ६० सर्रास असतं. १ १/२ म्हणजे दीड हॉर्सपॉवर, अकराशे वॉटच्या आसपास.

माझा संशय ११५ व्होल्टवर आहे. आपल्या २३० ला लावलं असतंत तर हॉलमध्ये धुराची पंगत बसली असती.

प्लेटला सँडपेपर लावू नका हं. अक्षरं खोदलेली असतील तर थिनरचा बोळा हलक्या हाताने फिरवा, मग अंधारात टॉर्च आडवी धरून वाचा.

वाइंडिंगवाला_इचलकरंजी
प्लेट नाही वाचता आली तरी मोटर बोलते. वर डबा असेल, त्यात कपॅसिटर, वीज साठवून ठेवणारा. त्याच्यावरचं व्होल्टेज बघा. १२५ लिहिलं असेल तर मोटर ११५ ची, अडीचशेच्या घरात असेल तर २३० ची असायची शक्यता जास्त. हात घालायच्या आधी दोन्ही टोकांना होल्डरमधला साधा बल्ब लावून कपॅसिटर रिकामा करा. माझ्या पोराला एकदा बसलाय झटका, यंत्र महिनाभर बंद होतं तरी.

काही अमेरिकन मोटरी ११५/२३० दोन्हीवर चालतात, वायरी बदलून जोडल्या की झालं. तशी असेल तर प्लेटवर अँपिअरचे दोन आकडे असतात, एक दुसऱ्याच्या निम्मा. एकच आकडा असेल तर नाद सोडा.

कार्यालयवाला_चिपळूण
थिनरने काम केलं. व्होल्ट ११५, अँपिअर १३ (एकच आकडा!), फेऱ्या १७२५, आणि खाली गिअरबॉक्सवर वेगळी छोटी पट्टी, तिच्यावर १७५. कपॅसिटरवर ४३०-५१६ मायक्रोफॅरड, १२५ व्होल्ट. बल्ब लावला होता, क्षणभर लुकलुकला.

वाइंडिंगवाला_इचलकरंजी
मग व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. ११५ गुणिले १३ म्हणजे साधारण १५०० व्होल्ट-अँपिअर, दीड केव्हीए, पण सुरू होताना मोटर तीन-चार पट ओढते, म्हणून ३ केव्हीएचा. मुंबईच्या लोहार चाळीत मिळेल किंवा बनवून घ्या. दोन गोष्टी सांगून ठेवतो. ऑटो ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वाइंडिंगचा, नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा हवा. ओल्या फरशीवर चालवणार आहात, झटका बसायला नको. आणि आउटपुटला ११५ मागू नका, १०० चा टॅप, म्हणजे तेवढ्या व्होल्टचं टोक, मागा. ६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवताना व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवायचं असतं, हिशेबाने ९६ येतं. ११५ दिलं तर चालेल, पण तापेल.

ब्रशचा स्पीडही उतरेल. १७५ चे १४६ होतील. घासायला तेवढं पुष्कळ.

हाउसकीपिंग_ताई
पॅडचं माप वरच्या पत्र्याच्या झाकणावरून घेऊ नका, ब्रशच्या खालच्या प्लेटवरून घ्या. १७ इंची असेल बहुतेक. काळा पॅड पॉलिश खरवडतो, रोजच्याला लाल पुरे. गाळासाठी हिरवा. मोझॅकवर ॲसिड अजिबात नको, त्यातली खडी संगमरवराची आणि मधलं सिमेंट, दोन्ही खातं.

आणि पहिल्या दिवशी हॉल रिकामा ठेवा. हँडल उचललं की मशीन उजवीकडे पळतं, खाली दाबलं की डावीकडे. जोर लावून ते थांबत नाही. कमरेच्या उंचीला धरून बोटभर वरखाली करायचं. आमच्याकडे नव्या मुलाला त्याने थेट लिफ्टच्या दारापर्यंत नेलं होतं.

कार्यालयवाला_चिपळूण
ट्रान्सफॉर्मर आला, १०० चा टॅप काढून घेतला. ब्रशच्या कडेला खडूची रेघ मारून, मशीन मागे कलतं करून मोबाइलवर स्लो मोशन काढलं, सेकंदाला २४० फ्रेमचं. मुलीने मोजलं, एका फेऱ्याला ९९ फ्रेम. म्हणजे मिनिटाला १४५ फेरे. वाइंडिंगवाले, नमस्कार तुम्हाला.

पॅड १७ इंचीच निघाला. हिरव्याने पंगतीचा पट्टा दोन फेऱ्यांत गेला, गाळ निम्मा. मोटर अर्ध्या तासाने कोमट, हात ठेवता येतो. ताई, तुम्ही सांगूनही मी हँडल दाबलं आणि स्टेजच्या पायरीला धडकलो.

वाइंडिंगवाला_इचलकरंजी
ट्रान्सफॉर्मर फरशीवर ठेवला नाहीत ना? स्टेजवर ठेवा, आणि तो वर असताना पायरीपासून लांब घासा.