बंदी आहे, पुडीही आहे

"सिगारेट एवढी घातक, तर सरकार सरळ बंदी का घालत नाही?" कर बुडतो, विडी वळणाऱ्या बायांचा रोजगार जातो, शिवाय सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीत सरकारी एलआयसीचाच पैसा, कारणं उघड आहेत. पण बंदीचं काय होतं तेही बघा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या बीडकडं पुडी टपरीच्या फळीखालून मिळते आणि दोन रुपये जास्त पडतात, एवढाच फरक.

आणि नुसत्या धुरावर काय बोलता? २०१६-१७च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखूवाले २४.४! आमच्या चुलत्यांनी धूर कधी काढला नाही, त्याचा त्यांना अभिमानच होता. गुटखा मात्र दिवसाला आठ-दहा पुड्या. आता तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, पार पातळ करून चमच्यानं भरवावी लागते. ठेचा तर जिभेला लागला तरी डोळ्यात पाणी. डॉक्टर म्हणाले, सुपारीनं गालाची आतली कातडी आवळली, पुढं कॅन्सरची भीती. पुडी अजून उशाखाली असतेच. चुलतीनं ती फेकावी म्हणावं, तर ती स्वतः रोज सकाळी तव्यावर दातांना लावायची तंबाखूची मिश्री भाजते.